एक किलोमीटरची पळवाट

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने शिक्षण हक्क कायद्याचे (आरटीई) नियम बदलले. खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेने वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना २५ टक्के जागा देण्याची गरज नाही, असा तो बदल. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो रद्दच केला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्या निकालाला हात लावला नाही. नियम गेला, पण त्यामागची भूमिका गेलेली नाही. प्रवेशाचा हंगाम आला की ती पुन्हा मांडली जाते, म्हणून तिचा समाचार घ्यायलाच हवा.

पहिला आक्षेप पैशांचा. शेजारी सरकारी शाळा असताना सरकारने खासगी शाळेची फी का भरावी? पण कायद्याचे कलम १२(२) वाचा. सरकार आपल्या शाळेत दर मुलामागे जितका खर्च करते तितका किंवा त्या खासगी शाळेची फी, यांतली कमी असेल तीच रक्कम द्यायची असते. अलीकडे ही प्रतिपूर्ती वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत होती. यात उधळपट्टी कुठे आहे? उलट जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंतचे शिक्षण मोफतच आहे. बदललेल्या नियमाप्रमाणे तिथेच ‘आरटीईचा मोफत प्रवेश’ देणे म्हणजे गरिबाला त्याचेच ताट पुन्हा वाढून दाखवणे. पालकांनी हे लगेच ओळखले. बदललेल्या नियमात जागा कागदावर आठ लाखांच्या वर गेल्या, अर्ज मात्र लाखभरही आले नाहीत. स्थगितीनंतर जुन्या पद्धतीने प्रक्रिया झाली तेव्हा जागा लाखाच्या आसपास होत्या आणि अर्ज दोन लाखांच्या वर.

आता हा एक किलोमीटर यवतमाळच्या नकाशावर मोजून पाहा. दत्त चौकातून आर्णी रोडने निघा नाहीतर दारव्हा रोडने. नगर परिषदेची, जिल्हा परिषदेची किंवा एखाद्या जुन्या संस्थेची अनुदानित शाळा वाटेत लागतेच. पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड इथेही वेगळे काही नाही. नियम टिकला असता, तर पाटीपुऱ्यातल्या हमालाच्या पोरीला गावातल्या बहुतेक इंग्रजी शाळांचे दार बंद झाले असते. तेही का, तर त्या शाळांजवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे म्हणून.

दुसरा आक्षेप असा की, या कोट्यामुळे जि. प. शाळा ओस पडतात. त्या आधी ओस पाडल्या त्या फी भरू शकणाऱ्यांनी: तलाठ्याची, ग्रामसेवकाची, कित्येकदा खुद्द गुरुजींची मुले शहरातल्या शाळेच्या व्हॅनमध्ये बसली. शिवाय याच सरकारने २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले होते. एका हाताने गावची शाळा गुंडाळायला काढायची आणि दुसऱ्या हाताने तिच्याच नावावर गरिबाचा कोटा काढून घ्यायचा, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

तिसरी तक्रार खरी आहे. प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे थकते आणि लहान संस्थेला शिक्षकांचे पगार काढणे जड जाते. ही थकबाकी सरकारने चुकती केलीच पाहिजे. पण सरकारच्या थकबाकीची वसुली सहा वर्षांच्या मुलाकडून कशी होऊ शकते? ‘जागा भरल्या’ ही शाळांची सबबही उच्च न्यायालयाने ऐकली नाही. मधल्या काळात झालेले प्रवेश कायम ठेवले, पण पंचवीस टक्के द्यायला लावले, आणि लागल्यास प्रवेशक्षमता वाढवण्याची वाटही दाखवली.

मुळात शेजारशाळेची कल्पना कोठारी आयोगाने मांडली ती एका वस्तीतली सगळी मुले, जात आणि ऐपत न बघता, एका शाळेत बसावीत म्हणून. २०२४ च्या बदलाने तोच ‘शेजार’ मुलांना वेगळे करण्यासाठी वापरला. अंतराचा नियम हवा, पण मुलाच्या सोयीचा. आज ऑनलाइन अर्ज भरताना पालक मोबाइलवर बोटाने नकाशावरचा लाल फुगा सरकवत आपले घर शोधतो. फुगा गल्ली चुकला की अंतर बदलते आणि पडताळणी समितीपुढे प्रवेश अडकतो. भाडेकरूला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि एका खोलीचा घरमालक तो करून देत नाही. इथे समितीने प्रत्यक्ष घर पाहून निर्णय द्यावा.

आणि झरी जामणी, मारेगाव, केळापूरमधल्या कोलाम आदिवासींच्या पोडांचे, म्हणजे वस्त्यांचे, काय? सोडतीत प्राधान्य एक किलोमीटरच्या आतल्याला, मग तीनच्या आतल्याला. पोडावरचे मूल रांगेत सर्वांत मागे, आणि नंबर लागलाच तरी सकाळी शाळेच्या वेळेला एसटी नसते. या तालुक्यांसाठी अंतराची अट काढावी आणि मुलांच्या गाडीचा खर्च प्रतिपूर्तीत धरावा. तो खर्च शाळांच्या जुन्या थकबाकीसह येत्या अर्थसंकल्पात दिसला पाहिजे.