कोंबड्याची नावे आणि तौलनिक अभ्यास

भारतीय भाषांतील साहित्याचा तौलनिक विचार करताना भक्ती, प्रबोधन, वास्तववाद अशा मोठ्या संकल्पनांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम जावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु दोन भाषांमधील खरे अंतर आणि खरी जवळीक पुष्कळदा अंगणातील शब्दांतच कळून येते. ज्याच्या आरवण्याने असंख्य गावांचा दिवस शतकानुशतके सुरू होत आला, त्या कोंबड्याची निरनिराळ्या प्रदेशांतील नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. नामभेद म्हणजे एकाच वस्तूला लावलेल्या वेगवेगळ्या चिठ्ठ्या, अशी समजूत आपल्या द्विभाषिक कोशांनी व अनुवादांनी रूढ केली आहे. ती कितपत टिकते, हे तपासले पाहिजे.

संस्कृतातील ‘कुक्कुट’ हा शब्द उघडच पक्ष्याच्या आवाजावरून आलेला आहे. ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत स्वरांचा काल सांगताना पाणिनीने उकारच का निवडला, याचे पारंपरिक स्पष्टीकरण असे, की कोंबड्याच्या आरवण्यात हे तिन्ही उकार क्रमाने ऐकू येतात. या ‘कुक्कुटा’ची लेकरे आज पंजाबीत ‘कुक्कड़’, सिंधीत ‘कुकुड़’, काश्मिरीत ‘कोकुर’, नेपाळीत ‘कुखुरा’, असमियात ‘कुकुरा’, ओडियात ‘कुकुडा’ आणि गुजरातीत ‘कूकडो’ या रूपांत नांदत आहेत. मधल्या विस्तीर्ण पट्ट्यात मात्र हिंदी-उर्दूचे ‘मुर्गा-मुर्गी’ आणि बांगलाचे ‘मोरग-मुरगी’ प्रचलित आहेत. त्यांचे मूळ फारसी ‘मुर्ग’, आणि त्या शब्दाचा फारसीतील अर्थ नुसता ‘पक्षी’ असा आहे. मध्यभागी नवा शब्द रुजावा आणि कडेच्या प्रदेशांत जुना टिकून राहावा, हा बोलीभूगोलाच्या अभ्यासकांना परिचित असलेला प्रकार येथे जवळजवळ संपूर्ण उपखंडाच्या आकाराने दिसतो.

दक्षिणेत तमिळ-मलयाळम ‘कोऴि’, कन्नड ‘कोळि’, तेलुगू ‘कोडि’, तुळू ‘कोरि’ आणि गोंडी ‘कोर’ हा दुसरा गोत आहे. मुंडा कुलातील संथाली, मुंडारी व हो या भाषांचा ‘सिम’, मणिपुरीचा ‘येन’ आणि मिझोचा ‘आर’ हे आणखी निराळे. मराठीचा ‘कोंबडा’ ‘कुक्कुटा’च्या पंक्तीत बसत नाही, ‘मुर्गा’च्याही नाही. कोकणीत तर नराला ‘कोंबो’ आणि मादीला ‘कुंकड’ म्हणतात. मराठीशी नाते सांगणारा शब्द नराला आणि ‘कुक्कुटा’ची आठवण देणारा मादीला, अशी ही वाटणी आहे. गुजरातीतही नर सामान्यतः ‘कूकडो’ आणि मादी ‘मरघी’, म्हणजे एक संस्कृत वंशाचा तर दुसरी फारसी वंशाची. एकाच खुराड्यात दोन कुळे सुखाने राहतात. भाषाकुलांच्या सीमारेषा नकाशावर आखणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

तथापि व्युत्पत्तीपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न असा, की प्रत्येक भाषा या पक्ष्याचे विभाग कोठे पाडते? द्राविडी भाषांत जातिवाचक शब्द एक आणि लिंगवाचक शब्द स्वतंत्र असतात. तमिळमध्ये ‘कोऴि’ ही जात, तर ‘सेवल’ नर आणि ‘पेट्टै’ मादी. तेलुगूत ‘कोडि’, ‘पुंजु’ व ‘पेट्ट’. कन्नडमध्ये ‘कोळि’, ‘हुंज’ व ‘हेंटे’. मुरुगनाच्या ध्वजावर आहे तो ‘सेवल’. तेलुगू प्रदेशात झुंजीच्या ‘पुंजू’ला पिसांच्या रंगावरून ‘डेग’, ‘काकि’, ‘नेमलि’ अशी पुन्हा वेगळी नावे पडतात. हिंदीत जातिवाचक असा तटस्थ शब्द नाही. तेथे बोलणाऱ्याला ‘मुर्गा’ किंवा ‘मुर्गी’ यांपैकी एकाची निवड करावीच लागते. मराठीला मात्र नपुंसकलिंगाची सोय आहे. ‘कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही’ या म्हणीतील ‘कोंबडे’ नरही नव्हे आणि मादीही नव्हे. आपले कोंबडे आरवते म्हणूनच गावाला उजाडते, अशा समजुतीने ते घेऊन गाव सोडणाऱ्या म्हातारीची कथा कन्नडमध्ये परिचित आहे; तिथला शब्दही तटस्थ ‘कोळि’ हाच. या एका बाबतीत मराठी आपल्या कुलातील हिंदीपेक्षा शेजारच्या कन्नडशी अधिक जुळते. ही कथा किंवा ही म्हण इंग्रजीच्या मध्यस्थीने भाषांतरित झाली, की ‘कॉक’ की ‘हेन’ याची निवड अटळ होते आणि मराठी-कन्नडमधील हा सरळ दुवा दिसेनासा होतो.

लिंगाप्रमाणेच वय आणि अवस्था यांचेही आहे. अद्याप अंड्यावर न आलेल्या तरुण मादीला मराठीत ‘तलंग’ म्हणतात. अंडी घालणे थांबवून उबवायला बसू पाहणारी ती ‘खुडूक’. हिंदीतील ‘कुड़क’ हा शब्द तिच्या अगदी शेजारचा आहे. हे शब्द कुक्कुटपालनाच्या जुन्या, घरगुती पद्धतीतून आले. ‘बॉयलर’ म्हणून ओळखला जाणारा पक्षी साधारण पाच-सहा आठवड्यांत बाजारात जातो. त्याच्या आयुष्यात ‘तलंग’ होण्याचा दिवस येतच नाही. तेव्हा शब्द विसरला जातो तो केवळ भाषिक अनास्थेमुळे नव्हे, तर शब्दामागची अवस्थाच नाहीशी झाल्यामुळे. ग्रामीण कथेत ‘तलंग’ भेटल्यावर आजचा शहरी वाचक अडखळतो, ते यासाठी.

याच व्यवसायाने एक नवे साम्यही निर्माण केले आहे. मराठीत ‘गावठी’ किंवा ‘गावरान’, हिंदी-बांगलात ‘देसी’, तमिळमध्ये ‘नाट्टुक्कोऴि’, तेलुगूत ‘नाटुकोडि’, कन्नडमध्ये ‘नाटिकोळि’, मलयाळममध्ये ‘नाडन् कोऴि’: भाषा निरनिराळ्या, पण विशेषण जणू एकच. महाभाष्यात ‘ग्राम्य’ कुक्कुट अभक्ष्य मानला आहे. तेथे ‘ग्राम्य’च्या विरुद्ध पद ‘आरण्य’ हे होते. आज ‘गावठी’च्या विरुद्ध पद कारखानदारीने वाढवलेला पक्षी हे आहे, आणि निषिद्ध असलेला गावचा पक्षी अधिक किंमत देऊन मागितला जातो. अर्थाचे हे परिवर्तन सामाजिक इतिहासाचा भाग आहे, आणि ते एका भाषेच्या कोशात पाहून पुरते कळत नाही.

असे भेद बोलीविज्ञानाचे, साहित्याचे नव्हेत, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु ग्रामीण, दलित आणि आदिवासी साहित्य अभ्यासक्रमात आल्यापासून या आक्षेपाला फारसा आधार उरलेला नाही. त्या साहित्यात अशा शब्दांवर प्रसंगच्या प्रसंग उभे असतात. टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश १९६६ मध्ये पूर्ण झाला. बरो व एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश १९६१ मध्ये, आणि त्याची सुधारित आवृत्ती १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही ग्रंथ असामान्य आहेत. परंतु त्यांची रचना कुलानुसार असल्यामुळे ‘कोंबडे’ आणि ‘कोळि’ त्यांत एका पानावर भेटू शकत नाहीत. भेटावेत यासाठी निराळा कोश हवा: शब्दांचे मूळ सांगणारा नव्हे, तर एका वस्तूचे प्रत्येक भाषा किती आणि कोणते भाग पाडते, हे शेजारी शेजारी मांडणारा. अनेक भारतीय भाषांचे अध्यापक ज्या विद्यापीठांत एका छताखाली काम करतात, तेथे हे काम आरंभणे अवघड नाही. खुराडे, गोठा, चूल आणि शेत एवढ्या चारच क्षेत्रांपासून सुरुवात झाली, तरी मराठी कथेचा कन्नड किंवा ओडिया अनुवाद करणाऱ्याला प्रत्येक वेळी इंग्रजीच्या दारातून जावे लागणार नाही.