नवा इअरफोन घेताना

तुमच्यापैकी अनेकांच्या दप्तरात एक इअरफोन असतो. काही महिने तो चांगला चालतो. मग एके दिवशी डाव्या कानातला आवाज बंद होतो. तार थोडी वाकवली की येतो, सोडली की जातो. किंवा ऐकू सगळे येते, पण आपण बोललेले पलीकडच्या माणसाला ऐकू जात नाही. नानी फोनवर "हॅलो, हॅलो" करत राहते आणि शेवटी फोन ठेवून देते. मग आपण बाजारात जातो, दुकानदार जो हातात देतो तो घेऊन येतो. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. माझ्या मते येथेच आपली चूक होते.

बाजारात जाण्याआधी जुना इअरफोन दुसऱ्या कोणाच्या तरी फोनला लावून पाहा. तेथे तो नीट चालला, तर दोष इअरफोनचा नाही, तुमच्या फोनच्या छिद्राचा आहे. खिशातला कापसासारखा कचरा त्या छिद्रात जाऊन बसतो आणि पिन पूर्ण आत जात नाही. असे असेल, तर नव्या इअरफोनवर खर्च केलेले पैसे वाया गेलेच समजा.

आता पिनेकडे नीट पाहा. गोल पिनेची जाडी ३.५ मिलिमीटर असते. तिच्यावर काळ्या किंवा पांढऱ्या रेघा असतात. दोन रेघा असतील, तर पिनेचे तीन भाग होतात: डाव्या कानाचा, उजव्या कानाचा आणि दोघांचा सामाईक. अशा इअरफोनला मायक्रोफोन नसतो. तीन रेघा असतील, तर चौथा भाग मायक्रोफोनचा. दुकानदार काहीही म्हणो, रेघा मोजायला तुम्हाला त्याची परवानगी नको.

यातही एक गंमत आहे. या चार भागांच्या जोडणीच्या दोन पद्धती निघाल्या. त्यांत मायक्रोफोनचा भाग आणि सामाईक भाग यांची अदलाबदल झालेली असते. आज जवळजवळ सगळीकडे एकच पद्धत चालते, पण जुना माल कधी कधी हाती येतो. तो लावला, की गाण्यातली वाद्ये ऐकू येतात आणि गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा लांब जातो. तारेवरचे बटण दाबून धरले, की आवाज एकदम ठीक होतो. असे झाले, तर तो इअरफोन खराब नाही, तुमच्या फोनसाठी नाही एवढेच. तो परत करा. काही नव्या फोनांना गोल छिद्रच नसते. त्यांना चार्जरच्या चपट्या छिद्रात बसणारा इअरफोन लागतो. तो किंवा त्याचा जोड आपल्याच फोनला लावून, दुकानातच तपासून घ्यावा.

आपण इअरफोन घेताना गाणे लावून पाहतो. मायक्रोफोन मात्र कोणीच तपासत नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर भरू लागले, तेव्हा कितीतरी मुलांना उत्तर येत होते, पण ते बाईंपर्यंत पोहोचत नव्हते. म्हणून ही तपासणी जरूर करा. फोनमध्ये आवाज नोंदवण्याची सोय असते. ती चालू करा, दुकानाच्या दारात रस्त्याकडे तोंड करून उभे राहा आणि आपल्या नेहमीच्या आवाजात चार वाक्ये बोला. मग ऐका. रिक्षांच्या भोंग्यांमधून तुमचे शब्द स्पष्ट कळले, तर मायक्रोफोन चांगला. तो तारेवर कोठे आहे, हेही पाहा. हनुवटीच्या जवळ असावा. छातीपर्यंत खाली असेल, तर शर्टाच्या बटणावर घासतो. ज्या मुली ओढणी किंवा स्कार्फ बांधतात, त्यांनी तर तो बांधूनच तपासणी करावी. कापड मायक्रोफोनवर घासले, की पलीकडे वादळासारखा आवाज जातो.

आता कानाविषयी. इअरफोनच्या टोकाला मऊ रबरी टोपी असते. बहुधा लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन जोड्या डब्यात मिळतात. आपण डबा फेकतो आणि लावलेली जोडी तशीच वापरतो. पण आपले दोन्ही कान अगदी सारखे असतातच असे नाही. एका कानाला मध्यम आणि दुसऱ्याला लहान टोपी लागू शकते. टोपी सैल असेल, तर बाहेरचा गोंगाट आत येतो, ढोलकीचा जाड आवाज बाहेर निसटतो आणि आपण आवाज वाढवतो. खरा धोका तेथून सुरू होतो.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या गावांत ज्यांच्या घरी कोणी यंत्रमागावर काम करते, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मागाचा आवाज ९० डेसिबलच्याही पुढे जातो. वर्षानुवर्षे त्या खडखडाटात उभा राहणारा माणूस घरी आल्यावर मोठ्याने बोलतो. मुलांना वाटते, अब्बा रागावले. ते रागावलेले नसतात. त्यांना स्वतःचाच आवाज कमी ऐकू येतो. आपल्या कानाच्या आतल्या भागात, शंखासारख्या नळीत, सुमारे १५ हजार अतिशय सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात. त्या पुन्हा कधीच उगवत नाहीत. कामगाराने पोटासाठी आपले कान दिले. आपण तेच कान करमणुकीसाठी, तेही पैसे मोजून द्यावेत काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याचे प्रमाण ठरवून दिले. मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबल तेवढाच वेळ. दर ३ डेसिबल वाढले, की वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० डेसिबल आवाज मोठ्या माणसानेही आठवड्यातून चारच तास ऐकावा. घट्ट बसणारी टोपी असली, की कमी आवाजातही भागते. मात्र ती लावून रस्ता ओलांडू नका. मागून येणारा टेम्पो तुम्हाला ऐकू येणार नाही.

बिनतारी इअरफोन घ्यावा की तारेचा, असे मुले विचारतात. खेळताना बिनतारी सोयीचा, हे मला मान्य आहे. तार गुंतते, दाराच्या कडीत अडकते, तेही खरे. तरीही विद्यार्थ्याने तारेचाच घ्यावा असे माझे मत आहे. बिनतारीच्या एवढ्याशा बॅटरीची ताकद वापराने कमी होत जाते आणि ती घरी बदलता येत नाही. एक बाजू हरवली, की जोडी मोडली. शिवाय त्यातल्या अनेकांवर मायक्रोफोन चालू होताच आवाजाचा दर्जा घसरतो. तारेच्या इअरफोनला चार्जिंग लागत नाही. त्याची तार पिनेजवळ तुटते, म्हणून पिनेच्या मुळाशी लवचीक रबर आहे का, ते बघा. काढताना पिनेला धरा, तारेला ओढू नका. फोनभोवती घट्ट गुंडाळूही नका.

किंमत विचारताना लाजू नये, पावती मागताना तर मुळीच नाही. बाजार, दुकान, किंमत, खरेदी, आवाज हे शब्द मराठीत आणि तुमच्या घरच्या भाषेत सारखेच आहेत, तेव्हा बोलायला अडचण ती कसली! पावतीवर तारीख आणि बदलून देण्याची मुदत लिहून घ्या.

आणि जुना इअरफोन टाकून देण्याआधी त्याच्या टोप्या काढून साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवून ठेवा. बऱ्याचदा त्या नव्यालाही बसतात.