ऑइल बदललं, पुढं काय?

नांदेडच्या एका मित्राकडे जुनी सॅन स्टॉर्म आहे. गोव्याच्या कंपनीची, दोन सीटची, फायबर बॉडी आणि रेनोचं १.२ लिटर पेट्रोल इंजिन असलेली देशी स्पोर्ट्स कार. मागच्या शनिवारी लातूरहून तिकडे गेलो ते खास तिचं ऑइल बदलायला. "उगं कशाला अंग काळं करायलास? गॅरेजला टाका की," मित्राचे बाबा म्हणाले. पण आपल्या हातानं करण्यात जी मजा आहे ती गॅरेजच्या बाकावर बसून चहा पिण्यात नाही, असं माझं मत.

तसं काम अवघड नाही. अडचण एकच, गाडी इतकी बसकी की ट्रॉली जॅक आत जातच नाही! मग मागच्या चाकांना दगड लावले, पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवली, तेव्हा कुठे जॅक सरकला. जॅक चेसिसलाच लावायचा, फायबरला लावलात तर बॉडी तडकलीच समजा. आणि स्टँड लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही. नुसत्या जॅकच्या किंवा विटांच्या भरवशावर तर अजिबात नाही. पुढचं सोपं आहे. इंजिन जरा कोमट करून बंद करायचं, ड्रेन बोल्ट खोलायचा, नवा वॉशर टाकायचा. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट फिरवून तो हातानंच आवळायचा. गाडी सपाट जमिनीवर उतरवून ऑइल भरायचं, डिपस्टिक बघायची. झालं!

खरंच झालं? बादलीत तीन-चार लिटर जळालेलं ऑइल तसंच होतं. बाबा म्हणाले, "कंपाउंडच्या कडेला ओता, गवत तरी मरंल." शेजारचे काका म्हणाले, "सेंट्रिंगवाल्याला द्या, प्लेटांना लावतो." म्हणजे शेवटी मातीतच.

मी लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांनी तरी बोअरच्या शेजारी जळकं ऑइल ओतू नये. त्यात इंजिनाच्या झिजेतले धातू असतात आणि ते मातीत मुरलं की परत काढता येत नाही.

बॅटरीचं बघा. जुनी दिली की दुकानदार नवीच्या किमतीतून पैसे वजा करतो, म्हणून जुनी बॅटरी कुणी उकिरड्यावर फेकत नाही. ऑइलचं असं का नको? वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवर टाकणारा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पण आम्ही कॅन घेतला त्या दुकानदाराला "जुनं परत घेता का?" विचारलं तर तो नुसता हसला.

असो. ऑइल नव्याच्याच रिकाम्या कॅनमध्ये गाळलं आणि ते घेणारं वर्कशॉप शोधेपर्यंत संध्याकाळ झाली. ऑइल बदलायला दीड तास, टाकायला चार तास! तरी पुढच्या वेळी घरीच बदलणार. फक्त बोल्ट खोलायच्या आधी जुनं कोण घेणार ते ठरवणार. तुम्हीही तेवढं करा.