वाड्यांतील पायपेटी

गेल्या महिन्यांत वाटूरास जाण्याचा योग आला. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हें गांव आमच्या बहुतेक वाचकांस फाट्याच्या नांवानेंच ठाऊक असेल. आम्हीही एका स्नेह्यांच्या आग्रहास्तव तेथें उतरलों. त्यांच्या वाड्याची वांटणी चालली होती. शेत, विहीर, भांडींकुंडीं यांचा निकाल दोन दिवसांत लागला. अडलें तें माजघराच्या कोपऱ्यांतील एका पायपेटीपाशीं.

ही पेटी त्यांच्या आजोबांनीं पुण्याहून आणविली. काळ निजामी अमलाचा. आगगाडीनें परतूर स्टेशनापर्यंत आणि पुढें बैलगाडींत कडबा अंथरून ती वाटूरास आली. आजोबांस गंधर्व मंडळीच्या नाटकांचें वेड. घरांत वकिली कमी आणि पदें अधिक, असें आत्याबाई हंसत सांगतात. आत्याबाईंचें वय आतां ऐंशीच्या पुढें आहे. त्या याच पेटीवर स्वर शिकल्या.

धाकट्या बंधूंचें म्हणणें, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयास विचारून पाहावें. विचार कांहीं वाईट नव्हे. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणाऱ्या दिनकरराव केळकरांनीं, अकालीं गेलेल्या आपल्या राजाच्या स्मरणार्थ जमविलेला तो संग्रह १९७५ सालीं महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. त्यांतील वाद्यांचें दालन मुलांस मुद्दाम दाखविण्यासारखें आहे. आत्याबाईंनीं मात्र एकच प्रश्न केला, “तेथें ती कोण वाजवील?”

मुलें आमच्याभोंवतीं जमलीं होतीं. त्यांनीं विचारलें, ऑर्गन तो हाच काय? मूळचा ऑर्गन निराळा. तें पाव्यांचें वाद्य. एकेका स्वरास एकेक स्वतंत्र नळी, आणि सर्वांस वारा पुरविणारा एक भाता. दोन्ही तोंडें उघडी असलेली आठ फुटी नळी जो खर्ज देते, तोच एक तोंड बंद केलेली चार फुटी नळी देते. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील क्टेसिबियसानें पाण्याच्या दाबानें वारा एकसारखा राखण्याची युक्ति काढली, तेथून या वाद्याचा इतिहास चालू होतो. आपल्या देशांतील प्रसिद्ध नमुना म्हणजे टिपूचा लाकडी वाघ. खालीं पाडलेल्या गोऱ्याचा गळा धरलेल्या त्या वाघाच्या पोटांत अठरा स्वरांचा नळ्यांचा ऑर्गन आहे. १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडल्यावर तो इंग्रजांनीं लंडनास नेला व आज तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन ज्याच्यावर चालून गेले, त्याचें तें खेळणें!

वाटूरच्या पेटींत नळी एकही नाहीं. तींत पितळी जिभा आहेत. त्या वाऱ्यानें थरथरतात आणि स्वर उमटतो. १८४२ सालीं पॅरिसच्या द्‌बॅंनें ज्या हार्मोनियमचें पेटंट घेतलें, त्यांत भाता वारा जिभांवर ढकलतो. अमेरिकन धाटणीच्या ऑर्गनांत उलट. भाता हवा आंत ओढून घेतो, म्हणून आवाज मऊ आणि भरदार निघतो. रंगभूमीनें तो उचलला यांत नवल नाहीं. ध्वनिक्षेपक नसतां शेवटच्या बांकापर्यंत स्वर पोंचविणें, नटानें श्वास घेतला असतां पोकळी भरून काढणें, हीं कामें त्यानें केलीं. बालगंधर्वांच्या मागें तिरखवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि हा ऑर्गन, ही साथ ज्यांनीं ध्वनिमुद्रिकांवरून का होईना ऐकली, त्यांस अधिक सांगणें नको. त्याला मींड येत नाहीं, श्रुति येत नाहींत, हा आक्षेप खराच. हार्मोनियमला तर याच कारणासाठीं १९४० सालीं आकाशवाणीनें बाहेर काढलें व १९७१ पर्यंत दार बंद ठेवलें. परंतु सारंगीस जें साधतें तें पेटीस साधत नाहीं म्हणून पेटी मोडीत घालावी, हें आम्हांस पटत नाहीं. गोविंदराव पटवर्धनांची साथ ऐकणाऱ्यांसही तें पटलें नसतें.

पेटी उघडून पाहिली. भात्याचें कापड कुजलें होतें, उंदरांनीं नमदा कुरतडला होता. जिभा मात्र शाबूत. आमचें मत विचारलें तेव्हां आम्हीं एवढेंच म्हणालों कीं, आधीं दुरुस्ती व्हावी, मग वांटणी. संग्रहालयाचें दार पुढेंही उघडें राहील. कुजलेला भाता मात्र आणखी दहा वर्षें वाट पाहणार नाहीं. खर्च तिघां भावांनीं मिळून करावा, ही सूचना थोरल्या वहिनींची. धाकट्यांनीं प्रथम कां कूं केलें, मग मानलें.

परवां त्यांचें पत्र आलें. कारागीर येऊन चार दिवस राहिला. मध्य सप्तकांतील एक निषाद अद्याप खरखरतो. आत्याबाईंचे पाय भात्यास पुरत नाहींत, म्हणून नात खालीं बसून हातांनीं तो चालविते, आणि आत्याबाई वर स्वर धरतात.