अंथरुणातला खोकला

मुलांनो, हा खोकला मोठा लबाड असतो. दिवसभर शाळेत, मैदानावर, जेवताना त्याचा पत्ता नसतो. आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली रे टेकली, की घशात खवखव सुरू! मग खुळूक खुळूक करत आख्खं घर जागं. आई उठून गरम पाणी देते, बाबा कूस बदलतात आणि शेजारी झोपलेली ताई पाठीत एक गुद्दा घालते. "मुद्दाम करतोस ना रे?"

मुद्दाम कोणी करत नाही. आपल्या नाकात आणि घशात रोज जवळजवळ एक लिटर पातळ चिकट द्रव तयार होतो. हो, एक लिटर! दिवसा आपण उभे असतो, बसलेले असतो, तेव्हा तो हळूहळू मागे उतरतो आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. आडवं झालं की तो घशाच्या मागच्या बाजूला साचतो. झोपेत गिळणंही कमी होतं. सर्दी असेल किंवा नाक कशाने तरी चिडलेलं असेल तर हा द्रव वाढतो, घसा खाजतो आणि खोकला येतो. म्हणजे खोकला हा घशाचा पहारेकरी. तो ओरडतो हे खरं, पण चोर दुसराच असतो. तो कोण, हे शोधायचं.

आमच्या शाळेत चौथीत एक मुलगी होती. वर्गात सारखी पेंगायची. रात्री झोप नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार? घरी सगळ्यांनी चोर ठरवूनच टाकला होता, तो म्हणजे बोरं आणि चिंचा. आज्जीने तिचं दप्तर तपासायला सुरुवात केली. पेरू बंद, केळं बंद, दही बंद, लिंबाचं सरबत तर नावच काढायचं नाही. तरी खोकला आपला येतोच आहे! मग "शाळेत चोरून खाते" हा आरोप आला. मधल्या सुट्टीत एकदा ती रडत रडत म्हणाली, "बाई, शप्पथ, मी एकही बोर खाल्लं नाही."

मी तिला एक पाठकोरी वही दिली आणि सांगितलं, रोज सकाळी चार ओळी लिहायच्या. रात्री काय जेवलीस आणि किती वाजता. कुठे झोपलीस. अंगावर काय घेतलंस. खोलीत काय काय होतं. आणि खोकला किती वेळा आला. आईला विचारून लिही, कारण झोपेत आलेला खोकला आपल्याला आठवत नाही. चौदा रात्रींची वही झाली. ती वाचताना मला एखादी रहस्यकथा वाचल्यासारखं वाटलं!

चौदापैकी अकरा रात्री खोकला भरपूर. दोन रात्री अजिबात नाही. त्या दोन रात्री ती मामाच्या गावाला होती आणि तिथे मामाच्या शेताच्या बांधावरची बोरं तिने ओंजळ भरभरून खाल्ली होती. म्हणजे बोरं सुटली निर्दोष! उरलेल्या एका रात्री खोकला फक्त एकदा आला होता. त्या रात्रीपुढे लिहिलं होतं, "डासांची कॉइल संपली होती. आज्जी पदराने वारा घालत होती."

आता तुम्हीच सांगा, संशय कोणावर?

थंडीमुळे खिडक्या बंद, खोली लहान, आणि आज्जी रोज रात्री नऊला पायथ्याशी कॉइल लावायची. या कॉइलच्या धुराची मोजणी शास्त्रज्ञांनी केली आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की एक कॉइल पूर्ण जळली की त्यातून धुराचे जे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात, ते ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके भरतात. घरात कोणी विडी ओढली तर आपण नाक मुरडतो, आणि हे मात्र रात्रभर उशापायथ्याशी जळत ठेवतो. धूप, उदबत्ती, चुलीचा धूर हे सगळे त्याचेच भाऊबंद.

पण थांबा, घाई नको. मामाकडे कॉइल नव्हती, मच्छरदाणी होती, हे खरं. पण तिथे घरची रजईसुद्धा नव्हती. मग खोकला थांबला तो कॉइल नव्हती म्हणून की रजई नव्हती म्हणून? दोन गोष्टी एकदम बदलल्या तर उत्तर कळत नाही. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा. आधी आठवडाभर कॉइल बंद, मच्छरदाणी सुरू. खोकला निम्म्याहून खाली आला, पण गेला नाही. मग पाळी आली रजईची. पावसाळाभर ती माळ्यावरच्या ट्रंकेत पडून होती आणि थंडी पडली तशी न झटकता, न वाळवता अंगावर आली होती.

जुन्या अंथरुणा-पांघरुणात काय असतं माहीत आहे? माइट नावाचे जीव. मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढेसुद्धा नसतात, म्हणून डोळ्यांना दिसत नाहीत. पाय आठ, म्हणजे कोळ्याच्या आणि गोचिडाच्या गोतावळ्यातले. ते आपल्याला चावत नाहीत. आपल्या अंगावरून झडणारे कातडीचे कण हेच त्यांचं जेवण. मात्र त्यांची विष्ठा वाळून हवेत उडते आणि काहींच्या नाकाला, छातीला ती सोसत नाही. घरातल्या धुळीमुळे येणाऱ्या ॲलर्जीचं हे कोडं १९६०च्या दशकात नेदरलंड्समधल्या लायडेन इथे उलगडलं. माइटना दमट हवा लागते, म्हणून आपल्याकडे पावसाळ्यानंतर त्यांची चंगळ. आपल्या आज्ज्या गाद्या-गोधड्या गच्चीवर उन्हात टाकून काठीने बडवायच्या, ते किती शहाणपणाचं होतं बघा. (बडवताना खोकणाऱ्या मुलाला मात्र जवळ उभं करू नका.) अभ्रे, चादरी आठवड्यातून एकदा चांगल्या कढत पाण्यात धुतल्या की माइट मरतात आणि त्यांची घाणही वाहून जाते.

रजईची खोळ धुतली, रजईला दोन दिवस कडक ऊन दाखवलं. नंतरच्या सात रात्रींपैकी पाच शांत गेल्या.

राहिलेल्या दोन रात्रींचं काय? तिथे माझी वही संपते आणि डॉक्टरांचं काम सुरू होतं. तिचे बाबा वही घेऊन गेले. डॉक्टरांनी ती सगळी वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "खो-खो खेळताना खोकला येतो का?" येत होता. थोडं पळालं की ती खाली बसायची आणि आम्हाला वाटायचं, दमली. तपासणीत निघाला सौम्य दमा. दम्यात दर वेळी धाप लागतेच असं नाही. काही मुलांना नुसता रात्रीचा कोरडा खोकलाच येतो. धूर आणि धूळ त्याला चिथावत होते.

आई-बाबांनो, आता थोडं तुमच्याशी. दम्याचं नाव काढलं की घरात रडारड होते. "पंप एकदा लागला की जन्माचा लागला", "मुलीची जात, उद्या स्थळं कशी येणार?" हे मी कानांनी ऐकलं आहे आणि मला त्याचा संताप येतो. पंपाचं व्यसन लागत नाही. त्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजतात आणि ते थेट छातीत जातं. गोळी किंवा पातळ औषध मात्र पोटात जाऊन अंगभर फिरतं. लोक काय म्हणतील म्हणून पोरीला रात्र रात्र बसून काढायला लावणं हा कुठला न्याय?

आणि दुकानातून आपल्या मनाने खोकल्याची बाटली आणू नका. २०२५ साली मध्य प्रदेशात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा देण्याची गरज नसते. साध्या खोकल्याला झोपताना चमचाभर मध चालेल. मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, कारण त्यात त्याला न झेपणारे जंतू असू शकतात.

काही खोकले वहीची वाट पाहत नाहीत. श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डा पडतोय, ओठ निळसर दिसताहेत, किंवा शेंगदाणा, मणी तोंडात असताना एकाएकी ठसका लागून मग खोकला थांबतच नाही, तर तडक दवाखाना. आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, त्यात ताप, वजन घटणं असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

मुलांनो, तुमच्या घरचा चोर वेगळाही असू शकतो. रात्री साडेनऊला वडापाव चापून लगेच आडवं झालं, तर पोटातलं आंबट पाणी वर घशाशी येतं आणि खोकवतं. अशांनी झोपण्याआधी दोन तास तरी जेवून घ्यावं. कोणाच्या उशाशी मांजर झोपतं. कोणाच्या भिंतीला ओल येऊन बुरशी धरलेली असते. आणि एक गमतीचा चोर तर चक्क कानात असतो! कानातून घशाशी नातं सांगणारी एक नस जाते. मळाचा खडा तिला टोचला की काहींना खोकला येतो. म्हणून कान कोरताना कोणी खोकलं तर हसू नका. आणि काडी, पिन काही घालून तो मळ आपण काढायचा नाही, ते डॉक्टरांवर सोडा.

तर आज एक वही घ्या. पानावर रेघा मारून रकाने पाडा: जेवण, वेळ, पांघरूण, धूर, खोकला. शेवटचा रकाना आईला किंवा आज्जीला भरायला सांगा. आज्जी जागीच असते.