सुतार राहील, सुतारकी राहील काय?

यंत्रे येणार आणि कारागिराच्या तोंडचा घास काढून घेणार, ही हाकाटी आता इतकी जुनी झाली आहे की ती कानांवर पडली तरी कोणी मान वर करून पाहत नाही. परंतु २०१३ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील फ्रे आणि ऑस्बोर्न या दोन संशोधकांनी अमेरिकेतील ७०२ व्यवसायांचा हिशेब मांडला आणि कोणता धंदा यंत्राच्या तावडीत सापडण्याचा किती संभव आहे, हे धंदेवार सांगितले. त्यात इमारतीवर राबणाऱ्या सुताराच्या वाट्याला ७२ टक्के संभव आला. एका जागी बसून कपाटे-मेजे घडविणाऱ्याच्या वाट्याला ९२. आणि लाकूडकामाची यंत्रे चालविणाऱ्या कामगाराच्या वाट्याला तब्बल ९७! भविष्य टक्क्यांत सांगणाऱ्या विद्वानांवर आमचा फारसा भरवसा नाही. ज्योतिषी निदान ईश्वरेच्छेवर हवाला ठेवून मोकळा होतो. विद्वानांना तीही सोय नाही. पण या तीन आकड्यांचा क्रम मात्र विचार करण्यासारखा आहे. यंत्राच्या जो जितका जवळ, तो तितका आधी जाणार. आणि ज्याचे काम जितके रेखीव, तितके ते यंत्राला सोपे!

ज्याला आपण ओबडधोबड समजतो तो इमारतीवरचा सुतारच यात अधिक सुरक्षित ठरावा, याचे कारण त्याच्या समोरच्या भिंतीत आहे. मुंबई-पुण्याच्या कोणत्याही घरात जाऊन भिंतीच्या कोपऱ्याला गुण्या लावून पाहावा. काटकोन सापडला तर ते घरमालकाचे भाग्यच समजावे! कारखान्यातले संगणकचलित यंत्र फळी केसभरही न चुकता कापील. पण ती चौथ्या मजल्यावर नेऊन फुगलेल्या भिंतीला आणि उतरत्या फरशीला बेमालूम बसविण्याची अक्कल त्याच्यापाशी नाही, आणि नजीकच्या काळात येईल असे दिसत नाही. तेव्हा सुतार नावाचा इसम राहील, याविषयी आम्हांला शंका वाटत नाही. आमची शंका निराळी आहे.

यंत्र आणि सुतार यांचा सामना काही आजचा नव्हे. इंग्लंडमधील पोर्ट्समथच्या गोदीत जहाजांना लागणाऱ्या लाकडी कप्प्या बनविण्यासाठी मार्क ब्रुनेलने आखलेली आणि हेन्री मॉडस्लेने घडविलेली ४५ यंत्रे बसविण्यात आली, आणि ११० कुशल कारागिरांचे काम दहा साधी माणसे करू लागली. १८०८ पर्यंत तेथे वर्षाला १ लाख ३० हजार कप्प्या निघू लागल्या. त्याच काळात आमच्या मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे उस्ताद सागवानी जहाजे बांधत होते. त्यांनी १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ आज दोनशेहून अधिक वर्षांनी इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे! मग मुंबईची ही विद्या कोणत्या यंत्राने बुडविली? कोणत्याच नाही. हजार सांध्यांचे सागवानी जहाज बांधणारे यंत्र कधी निघालेच नाही. जहाज लोखंडाचे झाले आणि सुताराची गरज सरली. गावगाड्यातही तेच घडले. सुताराचे बलुते बुडाले ते कोणा लोखंडी सुतारामुळे नव्हे. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला, पुढे ट्रॅक्टर आला, आणि तिफण भरण्यासाठी सुताराच्या दारात उभे राहण्याचे कुणब्याला कारणच उरले नाही.

आजही जे घडते आहे ते यंत्राने सुताराला जिंकल्यामुळे घडत नाही. लाकूडच बदलले आहे. लाकूड हा एक हट्टी पदार्थ आहे. ते पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तेही रेषांच्या आडव्या दिशेने अधिक आणि उभ्या दिशेने नाममात्र. म्हणून जुना सुतार दाराच्या चौकटीतली फळी खिळ्याने किंवा सरसाने जखडीत नसे. खाचेत मोकळी सोडीत असे, म्हणजे श्रावणात तिला अंग पसरायला जागा राही. गाठ कोठे आहे, नस कोणीकडे वळली आहे, रंधा कोणत्या बाजूने मारला तर ढलपी सुटेल आणि कोणत्या बाजूने मारला तर लाकूड उचकटेल, हे हाताला कळावे लागते. प्रत्येक फळी निराळी असल्यामुळे यंत्र तेथे अडखळते. प्लायवुड आले, आणि मागोमाग भुशाचे व लगद्याचे दाबीव तक्ते आले. त्यांना नस नाही, गाठ नाही, स्वभाव नाही. पहिला तक्ता आणि हजारावा तक्ता सारखाच. लाकूड यंत्राला शरण येईना, तेव्हा त्याचा भुगा करून त्याला शरण आणले, एवढाच या प्रगतीचा अर्थ आहे. नवी मुंबईत २०२० च्या डिसेंबरात आयकियाचे दुकान उघडले तेव्हा आमच्या सुशिक्षित बंधुभगिनींनी तेथे जी रीघ लावली, ती याच तक्त्यांच्या कपाटांसाठी होती. त्यांना आम्ही दोष देत नाही. सागवानाचा भाव ऐकून ज्याच्या पोटात गोळा येत नाही असा पगारदार विरळाच! फक्त एवढेच ध्यानात असावे की नळ गळला आणि असल्या कपाटाचा पाय फुगला, तर तो दुरुस्त करता येत नाही. आजोबांच्या कपाटाचा पाय बदलता येत असे.

हे वाचून कोणी आम्हांला यंत्रद्वेष्टे ठरवू नये. दिवसभर करवत ओढून छाती भरून येणाऱ्या माणसाला विजेची करवत मिळाली, तर तिच्या नावाने गळा काढणारे आम्ही नव्हे. उलट आमचे म्हणणे असे की यंत्र जेथे यायला हवे तेथेच ते आलेले नाही. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने कधीच दिला आहे. दाबीव तक्त्यांच्या चिकट्यात असणाऱ्या फॉर्मल्डिहाइडविषयीही तिचे मत तेच आहे. मोठ्या कारखान्यात ही धूळ शोषून घेणारी यंत्रणा असते. पण आपल्या शेजारच्या सदनिकेत बंद खिडक्यांच्या आड, तोंडाला धड फडकेही न बांधता, तेच तक्ते कापणारा पोरगा दिवसाकाठी किती धूळ गिळतो? आपण फक्त आवाजाची तक्रार करतो.

आता आमची शंका. सुताराचा मुलगा किंवा हाताखालचा पोरगा पूर्वी पटाशीला धार लावण्यापासून आरंभ करी. मग फळ्या रंधून घेणे, मग रेघ आखणे, मग कुसू आणि खाच, असे करीत काही वर्षांनी कोठे त्याच्या हाती दाराचे सबंध झडप पडे. या पायऱ्या कंटाळवाण्या होत्या खऱ्या, पण लाकूड कळत असे ते त्यांवरच. यंत्राने नेमक्या याच खालच्या पायऱ्या काढून घेतल्या. वरच्या पायरीवरचा उस्ताद आज आहे, कारण तो तीस वर्षांपूर्वी खालून चढून आला. त्याच्या मागे कोण चढणार? उद्याचा सुतार स्क्रू पिळील, बिजागरी बसवील, तक्त्याच्या कडेला पट्टी चिकटवील आणि दिवसाची मजुरी घेईल. जगायला हरकत नाही. पण त्याला सुतारकी म्हणावे काय?

ही विद्या कशासाठी जपायची, असा व्यवहारी प्रश्न कोणी विचारील. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र-दाम देवालयाचे ओक लाकडाचे छत जळून खाक झाले. फ्रान्सने ते पुन्हा लाकडाचेच उभारण्याचे ठरविले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये देवालय पुन्हा उघडले. त्या कामात जुन्या छताची मापे लेझरच्या यंत्राने घेतलेली होती, आणि मुख्य मंडपावरच्या तुळया मात्र सुतारांनी कुऱ्हाडीने हाताने तासल्या. पैसा कोणीही उभा केला असता. हे हात तेथे तयार होते, कारण तरुण सुताराने गावोगाव फिरून उस्तादांच्या हाताखाली वर्षानुवर्षे शिकण्याची रीत त्या देशाने मोडू दिली नव्हती. तशीच पाळी आमच्यावर आली तर?

आमच्या सरकारने काही केले नाही असे नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी १८ पारंपरिक व्यवसायांसाठी ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू झाली. तेरा हजार कोटींची तरतूद, ५ टक्के व्याजाने तीन लाखांपर्यंत कर्ज, हत्यारांसाठी १५ हजार रुपये. हे सारे स्वागतार्हच आहे. आणि शिक्षण? पाच ते सात दिवसांचे प्राथमिक, आणि पंधरा दिवस वा थोडे अधिक असे प्रगत! पंधरा दिवसांत रंध्याच्या पात्याला धार लावायला कोणी शिकला तरी पुष्कळ झाले. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. पण चार माणसांच्या सुतारखान्याला त्याची सक्ती नाही, आणि उमेदवार ठेवण्याची त्या बिचाऱ्या उस्तादाला ऐपत नाही. पोरगा शिकताना लाकूड वाया घालवतो, त्याचे पैसे कोण देणार?

ते सरकारने द्यावेत, आणि उस्तादाला शिकविल्याची बिदागीही द्यावी, अशी आमची मागणी आहे. पंधरा दिवस नव्हे, निदान दोन वर्षे. त्यासाठी नवे भवन बांधायला नको आणि उद्घाटनाचा समारंभही नको. जुन्या वाड्यांची, देवळांची, सार्वजनिक इमारतींची लाकूडकामे सरकारी खर्चाने दुरुस्त होतच असतात. अशा प्रत्येक कामाच्या निविदेत एकच अट घालावी: ठेकेदाराने जाणता सुतार नेमावा, आणि त्याच्या हाताखाली दोन उमेदवार काम संपेपर्यंत विद्यावेतनावर ठेवावेत. पुणे महानगरपालिकेला आरंभ करायचा झाल्यास १८०७ च्या विश्रामबाग वाड्याच्या सागवानी खांबांपासूनच करता येईल. वाडा तिच्याच ताब्यात आहे.