चेतन शर्माची एटीकेटी

"चेतन शर्मा म्हणजे तो सिक्सवाला ना?" आपल्या कट्ट्यावर कुणालाही विचारा, हेच उत्तर मिळेल. गंमत बघा, १८ एप्रिल १९८६ ला आपल्यापैकी एकही जण जन्मलेला नव्हता. बऱ्याच जणांचे आई-बाबा तेव्हा शाळेत होते. तरीही तो एक बॉल आपल्याला सातबाऱ्यावरच्या जमिनीसारखा वारसाहक्काने मिळालाय!

शारजा, ऑस्ट्रल-एशिया कपची फायनल. पाकिस्तानला शेवटच्या बॉलवर ४ रन हवे होते. चेतनने यॉर्कर टाकायला घेतला, तो पडला फुलटॉस आणि मियांदादने तो उचलून बाहेर भिरकावला. इतकं सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच मॅचमध्ये आपण १ बाद २१६ वरून ७ बाद २४५ वर येऊन थांबलो होतो, ते कुणी सांगत नाही. शेवटून दुसऱ्या बॉलवर तौसिफ अहमद रनआऊट होऊ शकत होता, अझरुद्दीनचा थ्रो स्टंपला लागला नाही. लागला असता तर तो सिक्स झालाच नसता. पण अझरला 'थ्रोवाला' म्हणून कुणी ओळखत नाही. पराभव अकरा जणांचा असला तरी फोटो एकाचाच लागतो.

आणि चेतनचं वय किती होतं? २० वर्षं. म्हणजे आपल्या टीईच्या पोरांएवढा. आपल्याला ओरलमध्ये एक्स्टर्नलने दोन प्रश्न जरा खवचटपणे विचारले तर रात्रीची मेस गोड लागत नाही.

तुम्ही म्हणाल, पुढे काहीतरी करून दाखवायचं ना! दाखवलं की राव. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉर्ड्सला एका डावात ५ आणि एजबॅस्टनच्या टेस्टमध्ये एकूण १० विकेट. १९८९ मध्ये कानपूरला इंग्लंडविरुद्ध नाबाद १०१. आणि मध्ये, ३१ ऑक्टोबर १९८७ ला आपल्या नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक. वर्ल्ड कपच्या इतिहासातली पहिली! त्याच दिवशी गावस्करांनी वनडेतली त्यांची एकमेव सेंच्युरी मारली. तरीही शारजाचा पेपर काही क्लिअर झाला नाही. एटीकेटी ती एटीकेटीच.

आता दुसरी बाजू बघू. झहीर खान. आपल्या शेजारच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातला, श्रीरामपूरचा. पठ्ठ्याने मेकॅनिकल इंजिनिअरिंग सोडून बॉल हातात घेतला (हे वाचून कुणी उद्या फॉर्म मागे घेऊ नका). २३ मार्च २००३, जोहान्सबर्ग, वर्ल्ड कप फायनल. पहिल्याच ओव्हरमध्ये १५ रन. ७ ओव्हरमध्ये ६७, विकेट शून्य. त्या मॅचचा विषय निघाला की माझे काका अजून टीव्हीकडे पाठ करून बसल्यासारखं तोंड करतात. पण झहीरचं नाव काढा, लगेच चेहरा खुलतो. कारण २ एप्रिल २०११. वानखेडेवर त्याने सुरुवातीच्या तीनही ओव्हर मेडन टाकल्या. त्या वर्ल्ड कपमध्ये २१ विकेट, आफ्रिदीच्या बरोबरीने सगळ्यांत जास्त. पण त्याच फायनलमध्ये झहीरच्या शेवटच्या ओव्हर चांगल्याच धुतल्या गेल्या, १० ओव्हरमध्ये ६० गेले. आठवतंय कुणाला? धोनीने सिक्स मारला आणि सगळ्यांचेच हिशोब फिटले.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आपण प्रेक्षक माफबिफ काही करत नाही. आपण वसुली करतो, तीही त्याच चलनात. वर्ल्ड कप फायनलचं कर्ज वर्ल्ड कप फायनलमध्येच फेडायचं. चेतनने फेड केली ती न्यूझीलंड आणि इंग्लंडच्या नोटांमध्ये. आपल्याला हवी होती पाकिस्तानची नोट.

हे काही टीव्हीने किंवा मोबाईलने बिघडवलेल्या पिढीचं खूळ नाही बरं का. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या टीमने वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्हीकडे जाऊन सिरीज जिंकल्या. लोकांनी डोक्यावर घेतलं. १९७४ मध्ये लॉर्ड्सला आपण ४२ वर ऑलआऊट झालो, सिरीज ३-० ने गेली आणि त्याच वाडेकरांच्या मुंबईतल्या घरावर दगड पडले. पुढे त्यांना वेस्ट झोनच्या टीममधूनही वगळलं आणि ते रिटायर झाले. तीन वर्षांत हारांवरून दगडांवर!

अमेरिकेतही तेच. बेसबॉलमधला बिल बकनर, योगायोगाने सालही १९८६. बोस्टनच्या या खेळाडूच्या पायांमधून एक साधा, घरंगळत आलेला बॉल गेला आणि मॅच हातची गेली. खरं तर स्कोअर आधीच बरोबरीत आला होता, आणि शेवटची सातवी मॅच अजून बाकी होती. तरी खापर त्याच्यावरच. २००८ मध्ये बोस्टनच्या मैदानावर त्याला सन्मानाने बोलावलं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पण कधी? मधल्या काळात, २००४ आणि २००७ मध्ये टीम चॅम्पियन झाल्यावर.

आमचा एक मित्र म्हणतो, "करोडो रुपये घेतात, मग ऐकून घ्यायला काय झालं?" ऐकून घ्यावं ना. यॉर्कर फसला, कॅच सुटला, लाईन चुकली यावर रात्रभर बोला, मीही बोलतो. पण २०२२ च्या आशिया कपमध्ये अर्शदीपने पाकिस्तानविरुद्ध कॅच सोडला तेव्हा पोरांनी त्याला देशद्रोही ठरवायचे उद्योग केले. हे कुठल्या क्रिकेटमध्ये बसतं? २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये त्याने १७ विकेट घेतल्या, फायनलची एकोणिसावी ओव्हर ४ रनमध्ये काढली आणि तीच पोरं स्टेटसला त्याचा फोटो लावून मोकळी झाली. अर्शदीपचं नशीब की त्याला दोनच वर्षांत योग्य पेपर मिळाला. पुढच्याला तो मिळेलच असं नाही.

असो. मियांदादच्या सिक्सचा व्हिडिओ ग्रुपवर दर चार महिन्यांनी फिरतो. पुढच्या वेळी आला की मी त्याखाली नागपूरचा टाकणार आहे. रदरफर्ड, स्मिथ, चॅटफील्ड. लागोपाठ तीन बॉल, तिघेही बोल्ड.